नाव देणारा समीक्षक, कान देणारा ड्रामाटर्ग : मार्टिन एस्लिन

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं नाटकाच्या एका प्राध्यापकावर का बोलावं, हा प्रश्न तुमच्या मनात येणार हे उघड आहे. उत्तर सोपं आहे. मार्टिन एस्लिन हे नाव आज लोकांना आठवतं ते एका शब्दप्रयोगामुळे, ‘थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’. आणि ‘ॲब्सर्ड’ हा शब्द मूळचा आमच्या दुकानातला. तो नाटकवाल्यांनी उसना नेला आणि परत केला तेव्हा त्याचा अर्थ बदललेला होता. उसनं नेलेलं भांडं परत आलं की आपण ते उजेडात धरून पाहतो ना, पोचा-बिचा आलाय का? आज तेवढंच करायचं आहे. पण भांडं पाहता पाहता ते नेणाऱ्या माणसाकडेही पाहू. कारण आमच्या मते या माणसाचं मोठं काम त्या गाजलेल्या पुस्तकात नाही, दुसरीकडे आहे.

एस्लिन बुडापेस्टला १९१८ साली जन्मले. वाढले व्हिएन्नात, विद्यापीठात शिकले तत्त्वज्ञान आणि इंग्रजी, आणि दिग्दर्शनाचं शिक्षण घेतलं माक्स राइनहार्टच्या नाट्यविद्यालयात. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला, आणि या ज्यू तरुणाला पळावं लागलं. म्हणजे रंगमंचावर पाऊल टाकायच्या वयातच रंगमंच गेला, भाषा गेली, शहर गेलं. १९४० पासून ते बीबीसीत कामाला लागले. काम कसलं, तर शत्रूची प्रक्षेपणं ऐकून टिपून काढण्याचं. ही गोष्ट लक्षात ठेवा. ज्या भाषेत हा माणूस वाढला, त्याच भाषेचं काय झालंय ते तो कानाला यंत्र लावून तासन् तास ऐकत होता. नंतर युरोपीय सेवांसाठी लेखन-निर्मिती, मग नाट्यविभाग, आणि १९६३ पासून १९७७ पर्यंत बीबीसीच्या नभोनाट्य विभागाचे प्रमुख. तिथून अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात नाटकाचे प्राध्यापक आणि सॅन फ्रॅन्सिस्कोच्या मॅजिक थिएटरचे ड्रामाटर्ग. २००२ साली लंडनला निधन. झालं चरित्र.

आता ‘ड्रामाटर्ग’. मराठीत याला नीट शब्द नाही, कारण आपल्याकडे ते पद नाही. संहिता निवडणं, ती वाचून तिच्यात काय चाललंय ते नटांना-दिग्दर्शकाला सांगणं, जुनं नाटक असेल तर त्याचा काळ उलगडणं, नव्या लेखकाशी तालमीत बसून बोलणं, आणि प्रेक्षकाला नाटकापर्यंत आणून सोडणं, अशी ही पाच-सहा कामं मिळून एक माणूस. आपल्याकडे ती वाटली गेली. किर्लोस्कर मंडळीत तालीम मास्तर म्हणून गोविंद बल्लाळ देवल जे करत, त्यात यातला बराच भाग होता. पण देवल स्वतः नाटककार. निव्वळ समीक्षक म्हणून पगारावर ठेवलेला माणूस आपल्या नाटक कंपनीत कुणी पाहिला नाही.

या पदाचा मूळ पुरुष लेसिंग. १७६७ साली हॅम्बुर्गच्या राष्ट्रीय रंगभूमीनं त्याला नेमलं, आणि तिथल्या प्रयोगांवर तो नियमित लिहू लागला. आधी नाटकांवर लिही, नटांवरही लिही. पण नटांना स्वतःबद्दल छापून आलेलं रुचेना, नटीला तर मुळीच नाही. लेसिंगनं मग नटांना सोडलं आणि ॲरिस्टॉटलला धरलं! दोनेक वर्षांत ते नाट्यगृह बंद पडलं. ‘हॅम्बुर्ग ड्रामाटर्गी’ मात्र राहिली. तिचे एकूण १०४ अंक. म्हणजे या पेशाच्या जन्मातच एक पेच आहे. ज्या प्रयोगासाठी लिहायचं तो बाजूला राहतो आणि सिद्धान्त उरतो. एस्लिन यांच्या बाबतीत हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

पुस्तकाकडे येऊ. आधी १९६० मध्ये याच शीर्षकाचा लेख एका अमेरिकन नाट्यविषयक नियतकालिकात आला, १९६१ मध्ये पुस्तक. बेकेट, आदामॉव्ह, आयनेस्को, जने हे चार मुख्य लेखक, पिंटरला स्वतंत्र प्रकरण पुढच्या आवृत्तीत मिळालं. यांतला कुणी आयरिश, कुणी रुमेनियाचा, कुणी रशियात जन्मलेला आर्मेनियन, कुणी तुरुंगवास भोगलेला फ्रेंच अनाथ. त्यांनी मिळून कधी जाहीरनामा काढला नाही, एकत्र बैठक घेतली नाही. पण प्रेक्षक नाट्यगृहातून उठून जात होते, परीक्षक चिडत होते, आणि या सगळ्यांविषयी एकत्र बोलायला जागा नव्हती. ती जागा एस्लिन यांनी केली. हे उपकार मोठे आहेत. चुकीच्या कसोटीनं मोजलं तर हे लेखक नापास होतात, कथानक नाही, व्यक्तिरेखा नाहीत, शेवट नाही. मग कसोटीच बदला, असं ते म्हणाले. समीक्षकाचं काम दुसरं काय असतं?

त्यांचा मध्यवर्ती मुद्दाही अस्सल आहे. सार्त्र आणि कामूही जगाच्या निरर्थकतेबद्दल बोलतात, पण नीट बांधलेल्या, तर्कशुद्ध, घासूनपुसून स्वच्छ केलेल्या वाक्यांत. आशय विस्कटलेला, घाट शाबूत. बेकेट आणि मंडळींनी निरर्थकतेवर वाद घालणं सोडलं आणि ती रंगमंचावर नुसती उभी केली. आशय आणि घाट एक झाले. साठ वर्षांनंतरही हे विधान टिकून आहे, आणि ते करणारा माणूस व्हिएन्नाचा होता हेही विसरू नका. भाषेच्या मर्यादेचा प्रश्न त्या शहराच्या पाण्यातच होता, आणि विट्गेनश्टाइनची आठवण एस्लिन यांनी काढली ती उगाच नाही.

पोचा आहे तो पुढे. कामूच्या १९४२ च्या ‘मिथ ऑफ सिसिफस’मध्ये ॲब्सर्ड हा एक संबंध आहे. माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहतं. नुसत्या माणसात ॲब्सर्ड नाही, नुसत्या जगातही नाही. दोघं समोरासमोर आली की तो उभा राहतो. आपल्या वैशेषिकांनी ‘संयोग’ हा गुण मानला, पण एका द्रव्यात न मावणारा, दोन द्रव्यांत मिळून राहणारा. नैयायिक त्याला व्यासज्यवृत्ति म्हणतात. कामूचा ॲब्सर्ड हा असा दोघांत मिळून राहणारा आहे. एस्लिन यांच्या पुस्तकात हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू, तो एका बाजूला सरकतो आणि ‘मानवी स्थिती’चा गुणधर्म होऊन बसतो. माणूस म्हणून जन्मलात ना, मग तुमची स्थिती ॲब्सर्ड. कधी, कुठे, कुणासमोर, हे प्रश्नच गळून पडतात. कामूकडे या जाणिवेनंतर बंड येतं, कारण संबंध आहे तिथे काही करता येतं. गुणधर्म असेल तर काय करणार? अंगावरचा तीळ, आहे तर आहे.

या लेखकांतल्या आदामॉव्हनं याचं उत्तर कृतीनं दिलं. १९५७ च्या ‘पाओलो पाओली’पासून तो ब्रेख्तच्या वाटेनं गेला, इतिहास आणि राजकारण यांच्याकडे. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हाच चौघांतला एक घर सोडून गेला होता! एस्लिन हे प्रामाणिकपणे नोंदवतात. बेकेटलाही हे लेबल मान्य नव्हतं. पुढच्या काळात एस्लिन वारंवार सांगत राहिले की ही चळवळ नाही, संप्रदाय नाही, केवळ विचारासाठी घेतलेली सोय आहे. खरं आहे. पण सोयीचं नाव गावानं उचललं की मालकाचं त्यावर काही चालत नाही.

पुस्तकाची सुरुवात सगळ्यांना आठवते. १९ नोव्हेंबर १९५७, सॅन क्वेंटिनचा तुरुंग, समोर चौदाशे कैदी, आणि सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ॲक्टर्स वर्कशॉपचा ‘वेटिंग फॉर गोदो’. १९१३ मध्ये सारा बर्नार येऊन गेल्यानंतर त्या तुरुंगात नाटक झालेलं नव्हतं. ‘गोदो’ निवडण्याचं एक साधं कारण म्हणजे त्यात बाई नाही. आदल्याच वर्षी मायामीत ‘दोन खंडांना हसवणारं नाटक’ अशी जाहिरात करून हेच ‘गोदो’ लावलं होतं, आणि मध्यंतरात लोक घरी गेले होते. सॅन क्वेंटिनला कुणी हललं नाही. एस्लिन यातून काय काढतात? की हे नाटक दुर्बोध नाही, ते थेट मानवी स्थितीला भिडतं. शिकलेल्यांच्या अपेक्षा आड येतात, कैद्यांना अपेक्षाच नव्हत्या, म्हणून त्यांना कळलं.

इथे आपण थांबलं पाहिजे, कारण पुरावा उत्तम आहे आणि निष्कर्ष निसटता आहे. कैद्यांना कळलं ते अपेक्षा नव्हत्या म्हणून? त्यांच्याइतकी वाट पाहण्याची जाणकारी जगात कुणाला असेल? सुटकेची तारीख, पॅरोलचा कागद, भेटीचा दिवस, उद्या येतो म्हणून निरोप आणि उद्या कुणी नाही. त्यांनी ‘सर्वसामान्य मानव’ म्हणून ते नाटक पाहिलं नाही, कैदी म्हणून पाहिलं. मायामीचे लोकही मानवच होते की! मानवी स्थिती दोन्हीकडे सारखी आणि परिणाम उलटा, तर कारण मानवी स्थितीत शोधून कसं चालेल? म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पानांवरचा दाखला पुस्तकाच्या सिद्धान्ताला खोडतो. आणि गंमत म्हणजे तो कामूला दुजोरा देतो. ॲब्सर्ड हा संबंध आहे, या नाटकाचा आणि या प्रेक्षकाचा.

त्या दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे, जी एस्लिन सांगतात पण तिच्यावर रेंगाळत नाहीत. पडदा उघडण्याआधी दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ कैद्यांपुढे आला आणि म्हणाला की हे जॅझसारखं ऐका, ज्याला जे सापडेल ते त्यानं घ्यावं. हे काम ड्रामाटर्गचं! अर्थ सांगितला नाही, ऐकण्याची रीत सांगितली. आणि त्या तुरुंगात रिक क्लची नावाचा जन्मठेपेचा एक कैदी होता. त्याला सभागृहात जायची परवानगी नव्हती. त्यानं आपल्या कोठडीत, तुरुंगाच्या ध्वनिक्षेपकावरून ते नाटक ऐकलं. पाहिलं नाही, ऐकलं. पुढे त्यानं तुरुंगातच नाट्यमंडळ काढलं, सुटल्यावर तो थेट बेकेटपर्यंत पोचला, आणि १९७७ मध्ये बर्लिनला बेकेटनं स्वतः त्याला घेऊन ‘क्रॅप्स लास्ट टेप’ बसवलं.

ऐकणं. इथून आपण एस्लिन यांच्या दुसऱ्या, आमच्या मते अधिक मोठ्या कामाकडे वळतो. नभोनाट्य विभागाच्या प्रमुखाला बीबीसीत ‘ड्रामाटर्ग’ कुणी म्हणत नसे, पण ते काम तेच होतं. ढिगानं येणाऱ्या संहितांतून कोणती घ्यायची, कोणाला थांबायला सांगायचं, कोणाला आणखी लिही म्हणायचं. त्यांच्या कारकिर्दीतली काही नावं पाहा. जो ऑर्टनचं पहिलं प्रक्षेपित नाटक १९६४. टॉम स्टॉपर्डची १९६६ आणि १९६७ मधली नभोनाट्यं. यातल्या कुणाला ‘ॲब्सर्ड’ची टोपी घातली की पार कानाखाली येते! स्टॉपर्डची गणितासारखी चाललेली करमणूक आणि ऑर्टनचा असभ्यपणा यांना एका नावात कोंबता येत नाही. पण प्रसारणाला लावता येतं. वर्गीकरण करणाऱ्या एस्लिन यांना जे जमलं नसतं ते निवड करणाऱ्या एस्लिन यांनी सहज केलं.

पिंटरच्या ‘लँडस्केप’ची गोष्ट तर इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. एक घर, एक नवरा, एक बायको. दोघं बोलतात पण एकमेकांशी नाही. तिच्या तोंडी समुद्रकिनाऱ्याची एक मऊ आठवण, त्याच्या तोंडी कुत्रा, दारूचा गुत्ता, आणि काही दांडगे शब्द. लंडनच्या रंगभूमीवर तेव्हा लॉर्ड चेंबरलेनची कात्री होती, १८४३ च्या कायद्याची. त्यानं काटछाट मागितली, पिंटरनं नाकारली. पण हा कायदा रंगमंचाचा, आकाशवाणी त्याच्या कक्षेत नव्हती. २५ एप्रिल १९६८ ला ‘लँडस्केप’ बीबीसीवरून जसंच्या तसं प्रक्षेपित झालं, पेगी ॲशक्रॉफ्टच्या आवाजात. त्याच वर्षी सप्टेंबरात रंगभूमीची ती सेन्सॉरशिप रद्द झाली, आणि पुढच्या वर्षी नाटक रंगमंचावर आलं. ‘सखाराम बाइंडर’चा इतिहास माहीत असलेल्या मराठी माणसाला यातला अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय बघा, दोन माणसं एका खोलीत बसून एकमेकांना ऐकत नाहीत, हे दाखवायला रेडिओइतकं उत्तम साधन नाही. रंगमंचावर निदान ती एकत्र बसलेली दिसतात. रेडिओवर तेवढाही आधार नाही.

ब्रेख्तवरचं पुस्तक १९५९ चं, ‘थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’च्या आधीचं. त्यावर डाव्यांनी फार राग काढला. त्यांचं म्हणणं असं होतं की एस्लिन ब्रेख्तचं राजकारण सोलून कवी तेवढा ठेवतात. आरोपात तथ्य आहे. पण नाटककाराचा हेतू एक आणि नाटक करतं दुसरंच, ‘मदर करेज’ पाहताना प्रेक्षक धडा शिकायचा सोडून रडतो, हे निरीक्षण कुणाला खोडता आलेलं नाही.

अमेरिकेतल्या वर्षांबद्दल फार थांबायला नको. ‘फील्ड ऑफ ड्रामा’ हे १९८७ चं चिन्हमीमांसेचं पुस्तक विद्यार्थ्यांना उपयोगी, वाचकाला कोरडं. दूरचित्रवाणीवरचं पुस्तक आज जुनं झालं. पण मॅजिक थिएटरची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६७ मध्ये जॉन लायन या विद्यार्थ्यानं बर्कलीतल्या एका बारमध्ये आयनेस्कोचं ‘द लेसन’ केलं, त्यातून ही संस्था उभी राहिली. लायनचे शिक्षक होते यान कॉट, पोलंडचे मोठे नाट्यसमीक्षक. म्हणजे एका प्राध्यापकाच्या वर्गातून निघालेली, आयनेस्कोवर मांडलेली ही रंगभूमी, आणि तिथे ड्रामाटर्ग म्हणून आले आयनेस्कोला नाव देणारे प्राध्यापक! पण तोवर तिथे कोण होतं? सॅम शेपर्ड. ‘बरीड चाइल्ड’चा पहिला प्रयोग १९७८ मध्ये तिथला. परसातलं शेत, दारू, पुरलेलं मूल, बाप-लेकांचं वैर. अमेरिकन कुटुंबाच्या नाटकांची सगळी वंशावळ त्यात आहे. व्हिएन्नाच्या माणसाला तिथे पुन्हा कान देऊन बसावं लागलं असणार.

आता आपल्याकडे. एस्लिन यांचं पुस्तक मराठी विद्यापीठांत आणि समीक्षेत कसं आलं? नाटकांच्या आधी आलं, हे त्याचं खरं उत्तर आहे. आम्हां मास्तर लोकांचा हा जुना रोग. बेकेट वाचला नाही, पाहिलाही नाही, पण ‘ॲब्सर्डची वैशिष्ट्ये’ फळ्यावर लिहून दिली. एक, संवादातील निरर्थकता. दोन, कथानकाचा अभाव. मुलांनी ती उतरवून घेतली. मग कुठल्याही मराठी नाटकात दोन पात्रं विसंगत बोलली की उत्तरपत्रिकेत शिक्का तयार. शब्दासाठी पर्यायही आले, कुणी ‘व्यस्त’ म्हटलं, कुणी ‘असंगत’. ‘व्यस्त’नं हिंदी जाणणाऱ्यांचा घोटाळा केला, नाटकाला फुरसत नाही असं त्यांना वाटायचं! ‘असंगत’ मात्र विलक्षण शब्द आहे. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ बेसूर, सुराला सोडून असलेला, असा आहे, आणि एस्लिन तो आवर्जून सांगतात. आपल्या ‘संगत’मध्ये तर्काची संगती आहे, माणसाची संगत आहे आणि तबल्याचीही संगत आहे. ‘असंगत’ म्हटलं की तिन्ही तुटतात. इंग्रजीला जे दोन वाक्यांत सांगावं लागतं ते मराठी एका शब्दात सांगते.

म्हणूनच हा शब्द हातात घेऊन सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’कडे जाऊ. १९७४ चं नाटक. भाऊराव मेले आहेत, आणि मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणावर कीर्तन करतात. जुनं स्मशान बंद होतंय, नवीन विद्युतदाहिनी येतेय, त्यांना मात्र जुन्याच जागी जळायचंय. मुलगा नाना अडकलाय, चाळ जमलीय. या नाटकाला ‘ॲब्सर्ड’ म्हणून किती लिहिलं गेलं! वरकरणी बसतंही. मेलेला माणूस बोलतो, आणखी काय पाहिजे? पण कानानं ऐका. यात काय बेसूर आहे? काही नाही! पूर्वरंग आहे, चाल आहे, चाळकऱ्यांची साथ आहे. बाप मेला आणि संगत सुटली नाही, ही तर या नाटकातली भीती आहे. बेकेटच्या माणसाला जगाकडून उत्तर येत नाही. भाऊरावांच्या जगात सगळ्यांकडे उत्तरं तयार आहेत, मरणाचंसुद्धा, आणि ती तालात येतात. प्रेत कुजत असताना समाजाची लय चुकत नाही. याला असंगत म्हणणं म्हणजे नाटकाच्या नेमक्या मर्मावर फडकं टाकणं आहे. हे फळ्यावरच्या यादीतून दिसत नाही. तालमीत, पेटी-तबला चालू असताना बाजूला बसलेल्या माणसाला दिसतं. तसा माणूस आपल्याकडे नेमलेला नव्हता, त्यामुळे ते नटांना आणि दिग्दर्शकाला कळलं, आणि समीक्षेत यायला उशीर लागला.

जाता जाता एका नभोनाट्याबद्दल सांगतो आणि मग तुमचे प्रश्न घेऊ. बेकेटची सत्तरी झाली तेव्हा, १९७६ मध्ये, बीबीसीनं त्याचं ‘रफ फॉर रेडिओ टू’ प्रक्षेपित केलं. दिग्दर्शक स्वतः एस्लिन. त्यात फॉक्स नावाचा एक बांधलेला माणूस आहे, चाबकाच्या धाकानं त्याला बोलतं केलं जातंय. समोर एक अधिकारी, शेजारी नोंद घेणारी स्त्री. फॉक्सकडून काही एक नेमकी गोष्ट बाहेर पडायला हवी आहे, पण ती कोणती, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक नाही. शेवटी शेवटी तो त्या स्त्रीला नोंद पुन्हा वाचायला लावतो आणि मध्येच काही शब्द घालायला सांगतो. ती म्हणते, असं तो बोललेला नाही. तो म्हणतो, बोललाय, लिहा. ती लिहिते. त्या अधिकाऱ्याचं काम हॅरॉल्ड पिंटरनं केलं होतं, आणि काचेपलीकडे कानाला यंत्र लावून एस्लिन बसलेले होते.